आज पाव्हने किती?

सकाळी नऊच्या सुमारास मी जिना उतरू लागलो की खालून प्रश्न यायचा, "मास्तर, आज पाव्हने किती?"

"चारशे," मी सांगायचो.

"बसले किती वेळ?"

"सरासरी चाळीस सेकंद."

काका हातातलं ओलं गोणपाट खाली ठेवायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जणू मी चारशे माणसांना उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. "चाळीस सेकंदात तं पायातली चप्पल बी निंघत नाही."

काका म्हणजे माझे घरमालक. खामगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी, माझी बायको आणि माझी वेबसाइट असे तिघं भाड्याने राहतो. आमच्या खिडकीतून सरकीच्या तेलाचा वास येतो आणि हंगामात कापसाचे तंतू उडत येऊन लॅपटॉपच्या कळांमध्ये बसतात. मी पूर्वी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, म्हणून मास्तर. क्लास बंद पडला, मास्तर राहिलं.

वेबसाइटवर मी लोकांच्या उपयोगाचं लिहितो, असं मी नातेवाइकांना सांगतो. खरं काम वेगळं आहे. लोक काय शोधतायत ते मी बघतो, त्यावर दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचतो, वाक्यं उलटीपालटी करतो आणि मध्ये मध्ये जाहिरातींना जागा सोडतो. उत्तर अगदी शेवटी ठेवतो, म्हणजे माणूस एकेक जाहिरात ओलांडत तिथपर्यंत येतो. जितके लोक येतील आणि जितके रेंगाळतील, तितकं उत्पन्न. हे सगळं मी काकांना पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. त्यांनी त्यातली एकच गोष्ट उचलली: लोक येतात. म्हणजे पाव्हने.

"आन पाव्हना आला तं तू त्याले आधी काय देतं?"

"प्रस्तावना," मी म्हणालो.

"पानी नाही देत?"

"उत्तर शेवटी असतं काका."

"म्हंजे घसा कोरडा पडलेल्या मानसाले तू आधी सारं घर दाखोतं, बंब दाखोतं, न्हानी दाखोतं, तेलाच्या बाटल्या दाखोतं, आन मंग पानी. तो कायले येईन बे पुन्हा?"

मी हसलो होतो. त्या दिवसांत मी काकांना पुष्कळ हसायचो.

तीस वर्षं काकांनी एका बियाणं प्रक्रिया केंद्रात नोकरी केली. काम एकच. आलेल्या मालातून शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, सात दिवसांनी गुंडाळी उघडून त्यातले किती उगवले ते लिहायचं आणि खाली सही करायची. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, शंभर सुटले नाहीत. आठवडी बाजारात ते शंभर शेंगदाणे मोजून घ्यायचे आणि त्यातले किती खवट निघाले ते पुढच्या आठवड्यात येऊन विकणाऱ्याला सांगायचे. तो माणूस त्यांना लांबून पाहिलं की पोत्यावर फडकं टाकायचा. एका लग्नात त्यांनी शंभर वऱ्हाडी मोजले होते. त्यातले किती नवरीकडे बघत होते आणि किती पंगतीकडे, याची नोंद त्यांच्या वहीत होती. आकडा सांगत नाही. नवरीच्या घरचे हे वाचण्याचा संभव आहे.

एकदा मी त्यांना माझा एक मथळा दाखवला. 'हे वाचून तुम्हाला धक्का बसेल!' असा काहीसा. काका म्हणाले, असा मथळा पाहून कोणी येत नसतं. मी म्हणालो, सगळे येतात.

"सगळे म्हंजे किती मोजले?"

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन बसस्थानकावर गेले. तीन दिवस जात होते. एकेका माणसापुढे वही धरायची, त्यात माझा मथळा आणि त्यांनी स्वतः केलेला साधा मथळा, आणि विचारायचं, यातलं कोणतं वाचाल? चौथ्या दिवशी सकाळी मी मुद्दामच लवकर खाली उतरलो.

"काय निघालं काका?"

"निकाल नाही लागला," ते जरा पडल्या आवाजात म्हणाले. "अर्ध्याहून जास्त लोकं म्हनाले, बाबा, तुमच्यासंगं घरचं कोनी आलं नाही का?"

शेगावचं प्रकरण मात्र वेगळं. शेगावला राहायचं कुठे, हे बारा महिने लोक शोधतात. मीही लेख टाकला होता. 'शेगावला मुक्काम करताय? या सात चुका टाळा.' खामगावहून शेगाव बसने किती लांब आहे म्हणता? तरी मी त्या लेखासाठी तिथे गेलो नव्हतो. सात चुकांपैकी चार मी दुसऱ्या एका देवस्थानावरच्या लेखातून उचलल्या होत्या. त्यातली एक 'समुद्रात खोल जाऊ नका' अशी होती, ती तेवढी वेळेवर लक्षात आली म्हणून काढली.

काकांनी तो लेख वाचला. आठवडाभर रोज सकाळच्या बसने ते शेगावला जात राहिले. नंतर त्यांनी मला दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद दिला. त्यात प्रत्येक लॉजचं नाव आणि पुढे एक आकडा.

"हे काय?"

"पायऱ्या. खोलीपर्यंत किती चढा लागते ते."

"काका, लोक भाडं शोधतात, फोटो शोधतात."

"दर्शनाले म्हाताऱ्या मायले घेऊन येते ना बे मानूस? तिचे गुडघे दुखते. तो फोनवर इचारते, पहिला माळा आहे का? ते म्हनतात, हाव, पहिलाच. आन पहिल्या माळ्याले एकेक ठिकानी तीस-तीस पायऱ्या. मोजल्या म्या. दोनदा."

मी तो लेख त्यांचं मन राखायला टाकला. मथळा त्यांचाच: 'शेगावात मुक्काम: कुठे किती पायऱ्या'. पहिल्याच ओळीपासून यादी, प्रस्तावना नाही. जाहिरातींना जागाच राहत नव्हती, म्हणून मी दोन कशाबशा शेवटी कोंबल्या. तो लेख आजही वाचला जातो. लोक खाली लिहितात: आईला घेऊन गेलो होतो, उपयोग झाला, अमुक ठिकाणी आता लिफ्ट झाली आहे, दुरुस्त करा. माझ्या सात चुकांखाली आजपर्यंत एकच अभिप्राय आलेला आहे आणि तो केस उगवण्याच्या औषधाचा आहे.

केसांवरून आठवलं. माझ्या लॅपटॉपवर आपला लेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा काकांना शेजारी टक्कल घालवण्याची जाहिरात दिसली. काका पूर्ण टकले.

"हे मले पाहून टाकलं का?"

"नाही काका, मशीन आपोआप ठरवतं, कोणाला काय दाखवायचं ते."

"मशीनले काय ठाऊक मी टकला आहे म्हून?"

लॅपटॉप माझा होता. केस कोणाचे गळतायत हे मशीनला माझ्याकडूनच कळलेलं होतं. पण काकांनी तेव्हापासून लॅपटॉपसमोर बसताना टोपी घालायला सुरुवात केली, आणि मी त्यांना तशी घालू दिली.

काका लेखाखाली नाव टाकायला लावायचे. प्रसिद्धीची हौस म्हणावी तर तसंही नाही. आपला फोटो ते कधी देईनात. त्यांचं म्हणणं असं की बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो आणि ज्याने तपासलं त्याची टॅगवर सही असते. बी उगवलं नाही तर शेतकऱ्याने कोणाला विचारायचं? सहीवाल्याला. "बिनसहीची पिशवी आमी गोदामातून भायेर जाऊ देत नोहतो." माझ्या लेखांखाली 'संपादकीय विभाग' असं असायचं. संपादकीय विभाग म्हणजे मी आणि माझी प्लास्टिकची खुर्ची.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतका वेळ मी तुम्हाला घर, बंब आणि न्हाणी दाखवत होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी स्वतःहून काकांना म्हणालो, घरचं सोयाबीन बियाणं म्हणून कसं तपासायचं ते लिहा. जूनमध्ये सगळं वऱ्हाड हेच शोधतं. काकांचा चेहरा उजळला. तीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी तीन आठवडे घेतले. कागद आला तोवर जून लागला होता, आणि बाकीच्या वेबसाइट्सवर त्या विषयाचा बाजार भरून वाहत होता. पाच मिनिटांत ओळखा, दोन मिनिटांत ओळखा. आणि काकांच्या कागदावर काय, तर सात दिवस. शंभर दाणे, ओलं गोणपाट, सात दिवस.

आभाळ भरून आलेलं असताना सात दिवस कोण थांबणार, असं मी स्वतःला म्हणालो. कुठेतरी एका व्हिडिओत एक जण ग्लासभर पाण्यात दाणे टाकत होता. तरंगले ते वाईट, बुडाले ते चांगले. ते मी उचललं. मथळा दिला, 'फक्त एक ग्लास पाणी! पाच मिनिटांत ओळखा सोयाबीन बियाणं खरं की खोटं'. वर ग्लासाचे तीन परिच्छेद घातले, काकांचे सात दिवस पार तळाशी ढकलले, तिथे 'अधिक माहितीसाठी' म्हणून चार ओळी ठेवल्या. आणि खाली काकांचं नाव तसंच राहू दिलं.

नाव आळसाने राहून गेलं, असं मी बायकोला सांगितलं. ते खोटं आहे. शेगावच्या पायऱ्यांमुळे त्या नावावर लोकांचा विश्वास बसला होता, आणि मला तो हवा होता.

ते पान धो धो चाललं. चारशेचे चार हजार झाले. काकांनी जिन्याखालून विचारलं, मी आकडा सांगितला, तर ते उठून उभेच राहिले. "चार हजार! मंग काय म्हनतात पाव्हने?" मी म्हणालो, आवडलं म्हणतात. त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता. मी दोनदा घेतला.

जून संपत आला असताना एक दिवस दुपारी अमडापूरचा एक शेतकरी पत्ता विचारत विचारत आला. चाळिशीचा, अंगावर प्रवासाची धूळ. काका ओट्यावर बसले होते. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, हातात चहाचा कप.

"हे तुम्हीच ना?" त्याने फोन पुढे केला.

काकांनी फोन हातभर लांब धरला आणि वाचायला लागले. मथळ्यापाशी थांबले, तो पुन्हा वाचला. मग सगळं वाचलं, जाहिरातींसकट. वाचून झाल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पिशवीवरचा टॅग आणि आतला माल जुळत नसला म्हणजे ते जसे पाहत असतील, तसं.

"म्या गिलासात टाकून पाह्यलं काका," तो माणूस सांगत होता. "सारेच दाने बुडाले. म्हटलं, एक नंबर बी आहे आपलं. तीन एकर पेरलं. कुठी कुठी उगवलं, बाकी वावर साफ. आता गाव हासून राह्यलं मले. बायको म्हनते, आता पीक बी मोबाइलवरच काढा."

"खाली सही माही आहे ना?" काकांनी विचारलं.

"नाव तं तुमचंच आहे."

"मंग मीच लिवलं."

कपातला चहा मी प्यायलो की नाही ते आठवत नाही. तोंड उघडायला माझ्याकडे भरपूर वेळ होता, हे मात्र आठवतं. काका आत गेले, टोपी घातली, वही घेतली, चपला पायात सरकवल्या. तेवढ्या वेळात मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "काका, मी सोडतो तुम्हाला गाडीवर."

तो पुढे त्याच्या गाडीवर, आम्ही मागे. सगळा रस्ता मी वाट बघत होतो, काका शिवी देतील. गतिरोधक आला की ते नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, गेला की काढून घ्यायचे. बाकी काही नाही.

वावरात काका सरळ तासात, पेरणीच्या ओळीत, गुडघ्यांवर बसले. बोटाने माती उकरायची, दाणा काढायचा, तळहातावर धरून बघायचा. एक ओळ झाली की चालत वावराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तिथे पुन्हा बसायचं. असे शंभर दाणे त्यांनी हुडकून काढले. सत्तरीच्या माणसाचे गुडघे मातीत किती वेळा टेकले ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. मोजणारा तिथे एकटाच होता आणि तो कामात होता.

मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा होतो. माझ्या खिशात फोन थरथरला. ते पान त्या दिवशी आजवरच्या सगळ्यात जास्त लोकांनी उघडलं होतं.

"शंभरात तेवीस उगवले," काका उठून म्हणाले. मग एक कुजका दाणा त्या माणसाच्या हातावर ठेवला. "हे पाह्य. साल तडकली आहे. तडकलेलं बी पानी पेते आन बुडते. बुडलं म्हून चांगलं, असं नसते."

"म्हंजे तुम्ही लिवलं ते..."

"चूक आहे. माही चूक आहे."

मळणी यंत्र जोरात फिरवलं असेल तर साल तडकते, हे मला ठाऊक होतं, काकांकडूनच. तेवढं एक वाक्य ते बोलले असते तर निम्मा दोष त्या माणसाच्या अंगावर गेला असता. ते बोलले नाहीत.

त्या माणसाने आता माझ्याकडे पाहिलं. "आन हे कोन?"

"माहे भाडेकरू," काका म्हणाले. "गाडी चालोतात." मग काही तरी राहून गेल्यासारखं पुढे म्हणाले, "गाडी चांगली चालोतात."

निघताना त्यांनी त्याला सांगितलं, पुढल्या मे महिन्यात मी येतो, तुझं बी तपासून देतो, आणखी कोणाचं असेल तर त्यांचंही. आणि ते खरंच जात राहिले. दर वर्षी मे महिन्यात, गोणपाटांची गुंडाळी बगलेत धरून, दोनदा: एकदा दाणे बांधायला, सात दिवसांनी उघडायला. मी गाडीचं विचारलं की म्हणायचे, "एस.टी. आहे ना."

ग्लासाबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. भाडं वाढवलं नाही, खोली रिकामी कर म्हणाले नाहीत. काकूंना सांगितलं नाही. फक्त जिन्याखालचा तो प्रश्न बंद झाला. सकाळी नऊला मी मुद्दाम चपला वाजवत उतरायचो. शेवटच्या पायरीवर खोकायचो. एकदा न राहवून मीच म्हणालो, "काका, आज दोन हजार झाले."

"बरं," काका म्हणाले, आणि गोणपाट पिळू लागले.

मी प्रायश्चित्त घेतलं नाही असं नाही. वावरातून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या पानावरून काकांचं नाव काढून टाकलं. तिथे 'संपादकीय विभाग' घातलं. पान ठेवलं. दर जूनमध्ये ते चालायचं आणि त्यावर आमचे पावसाळ्याचे महिने निघायचे. मी स्वतःला सांगायचो की तळाशी ते सात दिवसही लिहिलेले आहेत की. ज्याला खरं हवं आहे तो तिथपर्यंत पोचेल. चाळीस सेकंदांत.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेले. वहीत शेवटची नोंद काकूंनी आणलेल्या हरभऱ्याची होती.

या मे महिन्यात एक दिवस काकूंनी मला खालून हाक मारली. काकांचा फोन अजून त्याच खुंटीला, चार्जरसकट लटकवलेला असतो. "मास्तर, पाहा बरं. कोनी गिलासवाल्याले इचारून राह्यलं. राँग नंबर दिसते."

मी फोन कानाला लावला.

"गिलासवाले काका आहेत का?" पलीकडचा आवाज विचारत होता. "अमडापूरहून बोलतो. पेरनी जवळ आली, अजून आले नाहीत ते. लोकं दाने घेऊन बसले आहेत."

राँग नंबर नव्हता. त्या गावात पाच वर्षं काकांचं नाव काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. "काका नाहीत," मी म्हणालो.

"बरं, आले का सांगजा त्याइले."

"सांगतो," मी म्हणालो. गेलेल्या माणसाला निरोप द्यायचं कबूल करून मी फोन खुंटीला लावला. काकूंना म्हणालो, हो, राँग नंबर.

वर जाऊन ते पान उघडलं आणि काढून टाकायची कळ दाबली. नक्की काढायचं का, असं मशीनने विचारलं. टाकताना त्याने असं काही विचारलं नव्हतं, म्हणून दोष त्याच्यावर ढकलावा असं क्षणभर वाटलं. पाच वर्षं मला जे जमत नव्हतं ते दोन बोटांत झालं. मग काकांचा मूळ कागद शोधला. तो लॅपटॉपच्या पिशवीतच होता, कायम तिथेच होता. तो घेतला, काकांची गोणपाटं गाडीला बांधली आणि निघालो.

रस्ताभर मी बोलायची तयारी केली. आधी माझा कॉम्प्युटर क्लास कसा बंद पडला, मग या धंद्यातली चढाओढ, मग त्या जूनमधली घाई, आणि मग हळूच शेवटी मुद्दा. अमडापूर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी गाडीवर बसून एक लेख लिहून काढला होता. उत्तर शेवटी.

मारोतीच्या देवळाच्या मंडपात माणसं बसली होती. एकेकाजवळ डबा नाही तर कागदाची पुडी, आत घरचं सोयाबीन. पायरीपाशी चपला. तीन एकरवाला उठून पुढे आला.

"तुम्ही ते गाडीवाले ना? आन गिलासवाले काका कोठी आहेत?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, "आबे, उन्हातून आले ते. आधी पानी दे पाव्हन्याले."

तांब्या आला. मी सगळं पाणी प्यायलो. मला वेळ काढायचा होता, पण तांब्याचा तळ लवकर आला.

"काका जानेवारीत गेले," मी म्हणालो. "आणि ते ग्लासाचं त्यांनी लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. त्यांचं नाव मी वापरलं."

वाटेत तयार केलेलं बाकी सगळं नंतर सांगायचं होतं. ते सांगायची वेळ आली नाही. कोणी विचारलंच नाही. तीन एकरवाला खाली बसला. बराच वेळ तो पुडीतले दाणे या हातातून त्या हातात करत राहिला.

"आमी पाच वर्सं त्याले गिलासवाला म्हनलं," तो म्हणाला.

"हो."

"तोंडावर म्हनलं ना बे! पोरं बी म्हनत. एस.टी.तून उतरला का, आला गिलासवाला. आन तो म्हने, हाव बापा, आला. हासत जाय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "वावरात तू तिथीच उभा होता."

"उभा होतो."

मघाचं 'तुम्ही' गेलं होतं. मला ते बरं वाटलं.

पुढे कोणी तरी एक शिवी दिली. मी ती इथे लिहीत नाही, पण ती बरोबर होती. एक जण आपला डबा उचलून निघू लागला. मघाच्या म्हाताऱ्याने त्याला हाताने खाली बसवलं आणि मला विचारलं, "मंग त्यानं काय लिवलं होतं?"

मी खिशातून कागद काढला. निळ्या शाईने दोन्ही बाजूंनी लिहिलेला, शेवटी सही. बोलताना काका वऱ्हाडी बोलायचे, पण टॅगवर लिहायची सवय असल्यामुळे कागदावर त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी असायची. मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"शंभर दाणे मोजून घ्या. चांगले चांगले निवडू नका, हाती येतील तसे घ्या. आपल्याला बियाण्याची परीक्षा घ्यायची आहे, स्वतःची समजूत घालायची नाही."

इथे मी कागद खाली घेतला. म्हातारा म्हणाला, "वाच." मी पुन्हा सुरुवात केली. अकरा माणसं होती, मी मोजली. दोन्ही बाजू वाचायला सहा-सात मिनिटं तरी लागली असतील. सही वाचून मी मान वर केली, तेव्हा त्यांच्या अकराही जोड चपला पायरीखाली होत्या तशाच होत्या.